औषध-चाचणीसाठी पेशींतील अनेक प्रथिने एकदम मोजणे: 96 वेलची प्लेट, बारकोड आणि फ्लो सायटोमीटर

प्रश्न थोडक्यात असा आहे: 28 किनेझ-रोधक संयुगे (पेशीतील किनेझ विकरांना अडवणारी) हाताशी आहेत, ती माणसाच्या रक्तातील एककेंद्रकी पांढऱ्या पेशींवर प्रत्येकी तीन मात्रांत तपासायची आहेत, आणि टी पेशी, बी पेशी व मोनोसाइट यांमध्ये आठ-दहा संदेशवाहक प्रथिनांचे फॉस्फोरिलेशन (प्रथिनावर फॉस्फेट गट बसणे, त्यावरून संदेशाचा मार्ग चालू आहे का ते कळते) मोजायचे आहे. प्रयोगशाळेत 405, 488 आणि 640 नॅनोमीटर असे तीन लेसर असलेला साधा फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेका पेशीवरील रंगांची चमक मोजणारे यंत्र, आहे. मास सायटोमीटर (रंगांऐवजी धातूंच्या खुणा मोजणारे यंत्र) नसेल तर हे काम होईल का?

होईल, आणि चांगले होईल. मात्र एक गोष्ट आधी ठरवावी लागते. ही दहा प्रथिने एकाच पेशीत एकत्र मोजलेली हवीत, की एकाच वेलमधील (प्लेटच्या एका खळगीतील) पेशींत मोजलेली चालतील? ‘कोणते संयुग कोणत्या पेशीत कोणता मार्ग बंद करते’ एवढेच विचारायचे असेल तर दुसरा पर्याय पुरतो. एखाद्या विरळ उपगटात दोन मार्ग एकत्र चालू राहतात का, असा प्रश्न असेल तरच सगळे एकाच पेशीत लागते. तेव्हा मास सायटोमीटरला पर्याय उरत नाही, किंवा निदान चांगला स्पेक्ट्रल सायटोमीटर (प्रत्येक रंगाचा पूर्ण वर्णपट मोजणारा) तरी हवा. औषध-चाचणीच्या पहिल्या फेरीत बहुतेकांना ‘कोणते संयुग काय बंद करते’ हाच प्रश्न विचारायचा असतो. यंत्रासाठी अडून बसू नका.

पद्धतीचा गाभा असा. प्रत्येक वेलमधील पेशींवर रंगाचा वेगळा ठसा उमटवायचा, मग सगळ्या 96 वेल एका नळीत ओतायच्या आणि अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारी, रंग लावलेली खूण) त्या एका नळीतच घालायची. मोजणी झाल्यावर रंगाच्या ठशावरून प्रत्येक पेशी कोणत्या वेलची हे ओळखायचे. क्रुट्झिक आणि नोलन या संशोधकांनी 2006 मध्ये ही फ्लुओरोसंट बारकोडिंगची रीत मांडली. अँटीबॉडीची बचत प्रचंड होते, पण माझ्या मते खरा लाभ वेगळा आहे. सगळ्या पेशी एकाच अँटीबॉडी-द्रावणात, तेवढाच वेळ, तशाच धुतल्या जातात. 96 वेल वेगवेगळ्या रंगवल्या की पिपेटच्या चुका आणि धुण्यातला फरक मिळून सहज 20-30 टक्के चढउतार येतो, आणि मध्यम ताकदीची संयुगे त्यातच बुडतात.

प्लेटची मांडणी 28 × 3 = 84 वेल संयुगांना आणि 12 वेल नियंत्रणांना अशी बसते. त्या बारांपैकी 6 वेलमध्ये फक्त डीएमएसओ (संयुगे विरघळवणारा द्रव) आणि उत्तेजक (मार्ग चालू करणारा पदार्थ), 3 मध्ये डीएमएसओ पण उत्तेजक नाही, आणि 3 मध्ये खात्रीचा रोधक. मोजायच्या प्रथिनांपैकी स्टॅट प्रथिनांसाठी रुक्सोलिटिनिब किंवा टोफासिटिनिब, ईआरकेसाठी ट्रॅमेटिनिब, एस6 साठी रॅपामायसिन घ्यावे. नियंत्रणे एका स्तंभात कोंबू नका, प्लेटभर विखुरा. मात्रा 10, 1 आणि 0.1 मायक्रोमोलर ठेवा. तीन बिंदूंवरून आयसी-50 (निम्मा रोध करणारी मात्रा) काढता येत नाही, पण क्रम लावायला त्या पुरेशा आहेत.

संयुगांची पातळ द्रावणे डीएमएसओमध्येच करा, माध्यमात नाही. माध्यमात टप्प्याटप्प्याने पातळ करत गेल्यास पाण्यात न विरघळणारी संयुगे नळीच्या भिंतीला चिकटतात किंवा साका धरतात, आणि खालच्या मात्रा कागदावर एक आणि वेलमध्ये भलत्याच होतात. 10 मिलिमोलर साठ्यातून 1000 पट पातळ केले की 10 मायक्रोमोलर मात्रा आणि 0.1 टक्के डीएमएसओ मिळतो. तो सगळ्या वेलमध्ये, नियंत्रणांतही, नेमका सारखा हवा.

पेशी प्रत्येक वेलमध्ये 2 लाख घ्या. म्हणजे एका प्लेटला एकूण सुमारे 1.9 कोटी. निरोगी माणसाच्या दर मिलिलिटर रक्तातून साधारण 10 ते 20 लाख पेशी मिळतात, म्हणून 30 मिलिलिटर रक्त घेतले की हात सैल राहतो. धुताना, ओतताना निम्म्या पेशी जातील असे धरून चला. उरलेल्या 96 लाखांचे पाच भाग केले तर प्रत्येक नळीत 19 लाख, म्हणजे प्रत्येक वेलच्या वाट्याला 20 हजार. बी पेशी 5 टक्के धरल्या तर 1000, आणि बारकोड उलगडताना तिसरा हिस्सा गळाला तरी 600 पेक्षा जास्त उरतात. मध्यक काढायला 100 पेशीही चालतात, त्यामुळे हे गणित सुरक्षित आहे.

पाच भाग करण्याचे कारण हेच की तीन लेसरच्या यंत्रात बारकोड तीन वाहिन्या (रंग मोजण्याच्या जागा) खातो. तीन पृष्ठ-चिन्हके (पेशीचा प्रकार ओळखायच्या खुणा) बसवल्यावर फॉस्फो अँटीबॉडीसाठी पीई आणि अलेक्सा फ्लुओर 647 या रंगांच्या दोनच चांगल्या जागा उरतात. पण एकत्र केलेली बारकोड-नळी तुम्ही हवी तेवढी विभागू शकता. पाच नळ्या, प्रत्येकीत दोन वेगळी फॉस्फोप्रथिने, अशी दहा झाली. तिन्ही पेशीगटांत, 96 परिस्थितींत मिळून 2,880 मापे एका प्लेटमधून हाती येतात.

आता कृती. गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर 37 अंशांवर किमान एक-दोन तास विसावू द्या. वितळवण्याच्या आणि सेंट्रीफ्यूजच्या धक्क्यानेच ईआरके आणि पी38 चालू झालेले असतात, आणि तसेच पुढे गेलात तर उत्तेजक नसलेली वेलही चमकते. मग संयुग घालून 30 ते 60 मिनिटे, त्यानंतर उत्तेजक घालून 15 मिनिटे. इंटरफेरॉन-अल्फाने स्टॅट-1, इंटरल्यूकिन-6 ने स्टॅट-3, इंटरल्यूकिन-2 ने टी पेशींत आणि जीएम-सीएसएफने मोनोसाइटमध्ये स्टॅट-5, एलपीएसने (जिवाणूंच्या भिंतीतील पदार्थ) मोनोसाइटमध्ये पी38, पीएमएने (रासायनिक उत्तेजक) ईआरके आणि एस6 चालू होतात. हे सगळे उत्तेजक एकाच मिश्रणात घालायचा मोह होतो, पण ते एकमेकांत ढवळाढवळ करतात. दोन प्लेट करा, एक सायटोकाइनची (इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन यांसारख्या संदेश-प्रथिनांची) आणि दुसरी पीएमए-एलपीएसची.

उत्तेजकाची मात्रा छापील शिफारशीवर सोडू नका. स्वतःच्या पेशींवर वक्र काढून कमाल प्रतिसादाच्या 80 टक्क्यांजवळची मात्रा निवडा. संपृक्त मात्रेत मार्ग इतका जोरात चालतो की मध्यम रोधक दिसतच नाहीत. वेळही काटेकोर हवा. आठ टोकांच्या पिपेटने स्तंभामागून स्तंभ, दर 15 सेकंदांनी एक, असे उत्तेजक घाला, आणि नंतर त्याच क्रमाने, त्याच अंतराने स्थिरीकरण करा. म्हणजे पहिल्या आणि बाराव्या स्तंभाला सारखीच 15 मिनिटे मिळतात.

स्थिरीकरणासाठी मिथेनॉलविरहित 16 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडची सीलबंद कुपी वापरा आणि ते थेट माध्यमातच घालून अंतिम तीव्रता 1.6 टक्के करा, 10 मिनिटे. आधी धुवायचे नाही. फॉस्फेट गट काही मिनिटांत काढले जातात, आणि धुण्यात गेलेली पाच मिनिटे म्हणजे गेलेला संकेत. कृतीत लिहिलेले ‘खोलीचे तापमान’ म्हणजे 22 ते 25 अंश. विदर्भातल्या मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत ते 38 असू शकते, आणि तेव्हा स्थिरीकरण जास्त होऊन काही एपिटोप (अँटीबॉडी चिकटते त्या जागा) झाकले जातात. तापमापी टेबलावर ठेवा आणि वहीत नोंद करा.

स्थिर झालेल्या पेशी हलक्या बसतात. आधी सेंट्रीफ्यूजला 300 जी पुरत असेल तर आता 600 ते 800 जी लागते. तेवढे न वाढवल्याने धुण्याच्या पाण्याबरोबर निम्म्या पेशी नळात जातात, आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. धुवायला फक्त पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारे द्रावण) वापरा. त्यात बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन), सीरम, ट्रिस, ग्लायसीन, अझाइड काहीही नको. पुढचा बारकोड-रंग अमाइन गटांवर बसतो, आणि हे सगळे पदार्थ तो रंग पेशींच्या आधी स्वतःवर ओढून घेतात. बारकोडिंग फसण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे.

नंतर पेशींचा गोळा व्हॉर्टेक्सवर पूर्ण मोकळा करा आणि मगच पेशी पारगम्य करणारे बर्फगार मिथेनॉल घाला. घट्ट गोळ्यावर मिथेनॉल ओतले तर पेशींच्या गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा सुटत नाहीत. बर्फावर 10 ते 30 मिनिटे पुरेत. काम इथे थांबवायचे असेल तर प्लेट मिथेनॉलमध्येच उणे 80 अंशांवर काही आठवडे राहते.

बारकोडसाठी एनएचएस एस्टर रूपातले (अमाइन गटांना चिकटणारे) तीन रंग घ्या: पॅसिफिक ब्लूच्या 4 पातळ्या, अलेक्सा फ्लुओर 700 च्या 4 आणि अलेक्सा फ्लुओर 488 च्या 6. 4 × 4 × 6 म्हणजे नेमके 96. दोन शेजारच्या पातळ्यांत तीन ते पाच पटींचे अंतर ठेवा आणि ते आपल्याच पेशींवर, आपल्याच पेशीसंख्येला तपासून ठरवा, दुसऱ्याच्या तीव्रता जशाच्या तशा उचलू नका. रंग मिथेनॉलने पारगम्य केलेल्या पेशींना लावायचा. तेव्हा पेशीच्या आतली प्रथिनेही रंगतात, ठसा कितीतरी तेजस्वी उमटतो आणि पातळ्या स्पष्ट सुटतात. रंगांची मिश्रणे आधीच डीएमएसओमध्ये 96 वेलच्या प्लेटमध्ये वाटून, उणे 80 अंशांवर ठेवून द्यावीत. प्रयोगाच्या दिवशी पेशी त्यावर ओतायच्या, अंधारात 15 ते 20 मिनिटे ठेवायच्या, आणि मग मात्र बीएसए असलेल्या पीबीएसने दोनदा धुवायच्या, म्हणजे उरलेला रंग निकामी होतो. त्यानंतरच एकत्र ओतायचे.

एनएचएस एस्टर ओलाव्याने मरतो. कुपी फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आणि डीएमएसओ निर्जल घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर गार कुपीवर क्षणात दव धरते. जूनपर्यंत छान सुटणाऱ्या पातळ्या जुलैत एकमेकींत मिसळू लागल्या तर आधी इथेच पाहा.

ठसा किती गडद उमटतो हे पेशींच्या संख्येवरही अवलंबून असते, कारण तेवढाच रंग जास्त पेशींत वाटला जातो. वेलमधील संख्या दुपटीहून जास्त बदलता कामा नये. मोनोसाइट आकाराने मोठ्या, म्हणून त्या लिम्फोसाइटपेक्षा जास्त रंग घेतात. सगळ्या पेशी एकत्र घेऊन बारकोड उलगडला तर मोनोसाइटची दुसरी पातळी आणि लिम्फोसाइटची तिसरी पातळी एकमेकींवर चढतात. आधी आकार-कणीदारपणाच्या आलेखावर किंवा पृष्ठ-चिन्हकांवर गट वेगळे करा, मग प्रत्येक गटाचा बारकोड स्वतंत्र उलगडा.

आणखी एक सापळा मांडणीत दडलेला असतो. वरची मात्रा नेहमी रंगाच्या वरच्या पातळीत पडेल अशी प्लेट आखू नका. अलेक्सा 488 ची सर्वांत तेजस्वी पातळी पीई वाहिनीत सांडते. भरपाई (सांडलेला प्रकाश आकडेमोडीने वजा करणे) केली तरी तिथला पसारा वाढतोच. मात्रा आणि रंगाची पातळी हातात हात घालून चालल्या तर हा सांडलेला प्रकाश थेट ‘मात्रेनुसार परिणाम’ म्हणून दिसतो. मात्रा आणि बारकोड यांची जोडणी यादृच्छिक करा. शिवाय एस6 सारखे दणकट संकेत पीईमध्ये आणि स्टॅटसारखे नाजूक संकेत अलेक्सा 647 मध्ये ठेवा.

संयुगे घालण्यापूर्वी एक प्लेट बुद्धिबळाच्या पटासारखी करा: एक वेल पीएमए, शेजारची कोरी, पुन्हा पीएमए. सगळे रंगवा, ओता, फॉस्फो-ईआरके मोजा आणि उलगडा. कोऱ्या वेलमध्ये चमकत्या पेशी दिसल्या तर तेवढी चुकीची नेमणूक होते आहे. एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त गळती असेल तर पातळ्यांतील अंतर वाढवा किंवा दरवाजे (आलेखावर पेशी निवडायच्या सीमा) आवळा. जिला बारकोडिंग नवीन आहे त्या प्रयोगशाळेने तर 3 × 3 अशा नऊ वेलपासूनच सुरुवात करावी.

अँटीबॉडीवर सर्वांत जास्त वेळ द्या. प्रत्येक फॉस्फो अँटीबॉडीने आपल्याच स्थिरीकरणात, आपल्याच मिथेनॉलनंतर दोन गोष्टी दाखवल्या पाहिजेत: उत्तेजकाने संकेत चढतो, आणि त्या मार्गाच्या खात्रीच्या रोधकाने तो पायथ्याला येतो. वेस्टर्न ब्लॉटवर (पेशींच्या अर्कावर करायची चाचणी) चांगली म्हणून फ्लोमध्ये चांगली असे नसते. स्टॅट-5 च्या टायरोसीन 694 साठी क्लोन (अँटीबॉडीचा वाण) 47 आणि स्टॅट-1 च्या टायरोसीन 701 साठी क्लोन 4ए हे मिथेनॉलनंतर चांगले चालतात. पृष्ठ-चिन्हकांची कसोटी आणखी कडक. पीई आणि एपीसी हे स्वतः प्रथिन-रंग आहेत, मिथेनॉलमध्ये त्यांची घडी मोडते, म्हणून ते मिथेनॉलनंतरच लावायचे. सीडी14 आणि सीडी19 चे अनेक क्लोन मिथेनॉलनंतर बसतच नाहीत. त्याऐवजी मोनोसाइटसाठी सीडी33, बी पेशींसाठी सीडी20 चा पेशीच्या आतला भाग ओळखणारा एच1 क्लोन, आणि टी पेशींसाठी सीडी3 चा यूसीएचटी1 क्लोन घ्या. खात्री झालेली आठ प्रथिने, खात्री नसलेल्या चाळिसांपेक्षा औषध निवडायला अधिक कामाची. चाळिसांच्या यादीत कुठेतरी काहीतरी हलतेच, आणि त्या हलण्यामागे वर्ष जाऊ शकते.

आकडेमोड करताना मध्यकाचे आर्कसिंच (arcsinh, लॉगसारखे) रूपांतर करा. फ्लुओरोसन्ससाठी भाजक 150, मास सायटोमीटरसाठी 5 असा प्रघात आहे. मग उत्तेजक नसलेल्या नियंत्रणापासूनचा फरक घ्या. प्रत्येक प्रथिनासाठी, प्रत्येक पेशीगटात झेड-प्राइम (मापन किती भरवशाचे हे सांगणारा आकडा) वेगळा काढा: 1 उणे, दोन्ही नियंत्रणांच्या प्रमाण विचलनांच्या बेरजेची तिप्पट भागिले सरासऱ्यांतील फरक. उत्तेजित सरासरी 1.6 आणि विचलन 0.10, रोधित सरासरी 0.1 आणि विचलन 0.08 असेल तर 1 − (0.54 ÷ 1.5) = 0.64. 0.5 च्या वर चांगले. टी पेशींत स्टॅट-5 चा झेड-प्राइम उत्तम आणि बी पेशींत शून्याखाली, असे सहज होते, कारण तिथे इंटरल्यूकिन-2 चा प्रतिसादच क्षीण असतो. अशा जोड्या निकालातून सरळ वगळा.

निकालात फसवणारी संयुगेही ओळखून ठेवा. डॉक्सोरुबिसिन डीएनएत बसून पीईच्या आसपास चमकते, सुनिटिनिब हिरवे चमकते. प्रत्येक संयुगाची वरची मात्रा दिलेली पण अँटीबॉडी न लावलेली एक वेल तपासली की हे कळते. उलट, संकेत वाढला म्हणजे दोषच असेही नाही. वेमुराफेनिब बीआरएएफ जनुकात बदल नसलेल्या पेशींत ईआरके वाढवू शकते, ते त्या औषधाचे खरे वागणे आहे. संयुग 24 तास ठेवणार असाल तर मरणाऱ्या पेशींचाही हिशेब करावा लागतो. सगळीच फॉस्फोप्रथिने एकदम उतरली आणि तुटलेले पीएआरपी वर गेले तर तो मार्गरोध नाही, पेशी मरत आहेत. एचएसपी90 चे (इतर प्रथिनांची घडी सांभाळणारे प्रथिन) रोधक आणि प्रथिने नष्ट करणारी संयुगे यांत मूळ प्रथिनच कमी होते, म्हणून एकूण प्रथिनाची अँटीबॉडी सोबत लागते.

मास सायटोमीटर केव्हा घ्यावा? धातूंच्या समस्थानिकांनी खुणा केलेल्या अँटीबॉडीत प्रकाश सांडण्याचा प्रश्न नसतो आणि चाळीसच्या आसपास खुणा एका पेशीत बसतात. बोडेनमिलर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सात धातूंच्या ‘आहे-नाही’ बारकोडने 96 वेल ओळखल्या (2 चा सातवा घात 128, म्हणून सात पुरतात) आणि 27 रोधक तपासले. प्रत्येक रोधकासाठी 14 पेशीगट, 14 फॉस्फो-स्थाने, 96 परिस्थिती, म्हणजे 18,816 मापे. तिथे गती मात्र मंद असते. सेकंदाला काही शे पेशीच जातात आणि घातलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त यंत्रापर्यंत पोहोचत नाहीत. दोन पेशी चिकटून आल्या तर ‘आहे-नाही’ बारकोड चुकीच्या वेलचा ठरू शकतो. यावर सहा पॅलेडियम समस्थानिकांतून नेमके तीन निवडायची युक्ती आहे. असे संच फक्त 20 होतात, पण चार समस्थानिक दिसले की ती जोडपेशी म्हणून लगेच बाद करता येते. सिस्प्लॅटिन हे तुमच्या चाचणीतलेच संयुग असेल तर मृत पेशी ओळखायला सिस्प्लॅटिन वापरू नका, प्लॅटिनमची वाहिनी दोन्हीकडून भरते.

भांड्याला चिकटून वाढणाऱ्या पेशींसाठी ही सगळी रीत लागू नाही. ट्रिप्सिनने सोडवतानाच संकेत बदलतात. तिथे प्लेटमध्येच स्थिरीकरण करून सूक्ष्मदर्शकाखाली फेऱ्यांमध्ये रंगवणे चांगले: प्रत्येक फेरीत तीन-चार रंग, चित्र घ्यायचे, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सौम्य अल्कलीत प्रकाशाखाली रंग विझवायचा, पुढची फेरी. जास्त फेऱ्यांत पेशी सुटू लागतात, म्हणून महत्त्वाची प्रथिने पहिल्या फेऱ्यांत घ्या. हजारो प्रथिने हवी असतील तर मास स्पेक्ट्रोमेट्री, पण नेहमीच्या पद्धतीत वेलमधील सगळ्या पेशींची सरासरी मिळते, टी आणि बी वेगळ्या दिसत नाहीत.

पहिल्या फेरीतून निवडलेली चार-पाच संयुगे नव्या कुपीतून, दुसऱ्या दात्याच्या पेशींवर, आठ मात्रांत आणि बारकोडशिवाय पुन्हा तपासा. बारकोड-प्लेटवरचा आणि या साध्या प्लेटवरचा क्रम जुळला तरच ते संयुग पुढे न्या.